जेलीफिशला स्वादुपिंड नसतं

१२ जानेवारी

मामा,

नमस्कार करते, तोही वाकून. दवाखान्यातून तू घरी आलास आणि मी जेमतेम चार दिवस राहून पळाले, याचा राग असेल तर तो इथेच काढून टाक. रजा संपली होती रे. फोन करत नाही, कारण फोनवर तुला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तू मनानेच भरतोस. मागे मी "बदली झाली" म्हणाले, तर तू वहिनींना सांगितलंस, "टिटवीची बादली गेली!" त्या बिचाऱ्या मला नवी बादली पाठवायला निघाल्या होत्या.

तर लेखी कळवते. बदली झाली. मत्स्यालयात मी आता मोठ्या माशांकडे नसते, जेलीफिशच्या खोलीत असते. खोली काळोखी आणि टाकी गोल. कोपरे असले की हे लोक कोपऱ्यात जाऊन अडकतात आणि फाटतात, म्हणून टाकीला कोपराच नाही. पाणी सारखं हळूहळू फिरवत ठेवायचं. फार जोरात फिरलं तर गरगरतात, थांबलं तर तळाला बसतात. एकूण तुझ्यासारखेच, हट्टी आणि नाजूक.

त्यांचं खाणं मीच तयार करते. उलट्या टांगलेल्या बाटल्यांत कोळंबीची अगदी बारीक पिल्लं उबवते. ती नारिंगी रंगाची असतात, तिखटाच्या कणाएवढी. लांब नळीने ती टाकीत सोडली की जेलीफिश त्यांना अंगाला चिकटवून घेतात आणि पोटात ढकलतात. मग पारदर्शक अंगात मधोमध चार नारिंगी पाकळ्या उमटतात. पोट भरलं हे विचारावं लागत नाही, बाहेरूनच दिसतं. तुझ्याबाबतीत तशी सोय नाही म्हणून विचारते. जेवतोस ना नीट?

तुझी,
टिटवी

२३ जानेवारी

टिटवे,

पोटभर आशीर्वाद. पत्र मिळालं. बादलीचा विषय संपला असं मी समजतो.

मी ठणठणीत आहे. डॉक्टरांनी गाठ काढली, तिच्याबरोबर स्वादुपिंडाचा मोठा तुकडाही गेला. म्हणजे स्वाद गेला, पिंड उरला. तरी जेवतो. खालची भट्टी आता सूनबाईच बघते. तुझा दादा बोटीवर, त्यामुळे मळणं, भाजणं, गिऱ्हाईक, सगळं तिच्या अंगावर. पहाटे वरच्या खोलीत पावाचा वास आला की मला जाग येते. पूर्वी त्या वासाच्या आधी मी उठलेला असायचो. ती रोज ताजा पाव आणि लोणी वर पाठवते. मी संपवतो.

एक सहज विचारतो. डॉक्टर म्हणाले की तेल, लोणी, साय यांतलं काही मला नीट पचणार नाही, कारण ते पचवणारा रस त्या पिंडातून यायचा. तुझ्या त्या कोळंबीच्या पिल्लांत तेल असेलच ना? मग जेलीफिश ते पचवतात कसे? त्यांना हे पिंड असतं का? काम नसलेल्या माणसाला असले प्रश्न सुचतात. सवडीने लिही.

मामा

२ फेब्रुवारी

मामा,

काय प्रश्न विचारलास! आमच्याकडे रोज शेकडो लोक काचेला नाक लावून जातात. "हा चावतो का" याच्यापुढे कुणी जात नाही.

तर ऐक. जेलीफिशला स्वादुपिंड नसतं. यकृत नसतं, पित्त नसतं, हृदय नाही, मेंदू नाही, खायचं आणि टाकायचं तोंडही एकच. एवढा कंगाल प्राणी दुसरा नसेल. आणि पिल्लांत तेल भरपूर असतं बरं का, शिवाय मी त्यांना माशाच्या तेलाचा खुराक देते तो वेगळाच. तरी सगळं पचतं! काल मी एक छोटा जेलीफिश काचेच्या वाटीत घेऊन भिंगाखाली ठेवला. सकाळी त्याच्या पोटात तेलाचे नारिंगी थेंब लख्ख दिसत होते. दुपारी पाहिलं तर थेंब विरलेले, रंग फिका, आणि स्वारी मजेत उघडझाप करतेय.

तेव्हा स्वादुपिंड नसलं म्हणून त्यांचं काही अडत नाही. तूही उगाच जिवाला घोर लावून घेऊ नकोस. वहिनींच्या हातचा पाव खा आणि मस्त राहा.

टिटवी

११ फेब्रुवारी

टिटवे,

तुझं पत्र उशीखाली ठेवलंय. ज्याच्याकडे काहीच नाही तोही तेल पचवतो, हे वाचून जिवाला बरं वाटलं. मी आपला उगाच औषधवाल्याची भर करत बसलो होतो. आता मीही ठरवलंय काय ते.

मामा

२० फेब्रुवारी

मामा,

"ठरवलंय काय ते" वाचून इतका आनंद झाला! हे असंच पाहिजे. इथे खूप घाई आहे. शाळांच्या सहली सुरू झाल्यात, आणि पाणी फिरवणारा पंप बिघडलाय म्हणून दोन दिवस आम्ही आळीपाळीने हाताने पाणी ढवळतोय. सविस्तर नंतर.

टिटवी

१७ मार्च

वन्सं,

मी तुम्हाला कधी पत्र लिहिलेलं नाही, त्यामुळे चुकलंमाकलं सांभाळून घ्या. फोन करणार होते. पण बोलायला गेले की रडू येईल, आणि दुकानात गिऱ्हाईकासमोर ते बरं दिसत नाही.

बाबा बरे नाहीत. तुम्हाला ते ठणठणीत असल्याचं लिहितात, मला माहीत आहे, पाकीट मीच टाकते. पण त्यांची विजार आता कमरेला दोरी बांधल्याशिवाय राहत नाही. गालफडं बसली. जिना चढताना मध्ये थांबतात आणि भिंतीवरचं काहीतरी बघतोय असं दाखवतात. पोट रोज बिघडतं. सांगायला लाज वाटते, पण संडासात तेलाचा तवंग दिसतो.

आधी मला वाटलं माझा पावच वाईट होतोय. कपडे धुताना त्यांच्या खिशात पावाचे तुकडे सापडायला लागले. मी पाठवलेला पाव ते खिशात घालतात आणि गच्चीवर पाखरांना घालतात. वन्सं, एवढी वर्षं त्यांनी भट्टी चालवली. माझ्या हाताला ती चव नाही हे मला सांगितलं असतं तरी चाललं असतं. मी पीठ बदललं, लोणी वाढवलं, दोनदा मळून पाहिलं. तरी खिशात तुकडे.

परवा कपाट आवरताना डॉक्टरांनी पचनासाठी दिलेल्या कॅप्सूलच्या बाटल्या दिसल्या, एक अर्धी, बाकीच्यांचं सीलसुद्धा फोडलेलं नाही. मी म्हटलं, "बाबा, हे घेत नाही का तुम्ही?" तर म्हणाले, "घेत होतो. काडीचा उपयोग झाला नाही. आणि टिटवीने लिहिलंय, जेलीफिशला पिंड नसतं तरी तेल पचतं. मग मला कशाला पाहिजे?"

मी फार शिकलेली नाही. तुम्ही असं लिहिलंत ते खरं असेलच. पण मला भीती वाटते. काय करू ते सांगा.

तुमची वहिनी

२१ मार्च

मामा,

हे पत्र चष्मा लावून, उजेडात बसून, शेवटपर्यंत वाच. मध्ये मनाने काही भरू नकोस.

मी तुला अर्धीच गोष्ट लिहिली आणि तू तिच्यावर औषध बंद केलंस. वहिनींवर रागावू नकोस. त्यांनी लिहिलं नसतं तर मी इथे काचा पुसत, गाणी म्हणत बसले असते आणि तू तिकडे झिजत राहिला असतास. त्यांचं पत्र वाचताना माझ्या हातून खाण्याची बाटली फुटली. तुला काही झालं असतं तर मामा, मी या टाकीसमोर पुन्हा उभी राहू शकले नसते.

आता उरलेली अर्धी गोष्ट. जेलीफिशला पिंड नसतं, पण रस असतो! त्याच्या पोटात चार ठिकाणी धाग्यांचे झुपके असतात, लोकरीच्या उसवलेल्या टोकासारखे. त्या धाग्यांच्या सालीत बारीक पेशी असतात आणि त्या पाचकरस सोडतात. त्या रसातलं एक एन्झाइम, म्हणजे पचवणारं द्रव्य, मांस फोडतं, दुसरं तेल फोडतं. तेलाचा थेंब अख्खा कुणाच्याच अंगात शिरत नाही, जेलीफिशच्याही नाही आणि तुझ्याही नाही. एन्झाइम त्याला तोडून बारीक करतं, मग पोटाच्या अस्तरातल्या पेशी ते बारीक कण आत ओढून घेतात आणि उरलेलं काम आत होतं. तिथून बारीक नळ्यांमधून ते सगळ्या अंगभर पोचतं. मी भिंगाखाली थेंब विरताना पाहिले ते याच्यामुळे. मी विरणं पाहिलं आणि विरवणाऱ्याबद्दल तुला लिहायचंच राहून गेलं.

म्हणजे ज्याच्याकडे काहीच नाही असं मी म्हणाले त्याच्याकडे नेमकं तेच आहे जे तुझ्याकडे नाही. तुझ्या पिंडाचा तुकडा गेला तो गेला. पण तसाच रस वाळवून कॅप्सूलमध्ये भरतात. तुझं स्वादुपिंड, मामा, सध्या कपाटातल्या बाटलीत आहे आणि तू त्याचं सील फोडत नाहीस.

दुसरी गोष्ट. तू वहिनींना म्हणालास की आधी घेऊन काडीचा उपयोग झाला नाही. इथल्या प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंना मी ते सांगितलं. त्या म्हणाल्या, "मी माणसांची डॉक्टर नाही, त्यांना त्यांच्याच डॉक्टरांकडे पाठव. पण एवढं विचार, ते घेतात कधी?" मग त्यांनी मला भिंगाखाली पुन्हा बघायला लावलं. पिल्लू पोटात आलं की ते धागे त्याला चारी बाजूंनी लपेटतात आणि रस तिथल्या तिथे सोडतात, अगदी खाण्याला चिकटून. रस आधी सोडून ठेवला आणि खाणं मागून आलं, असं होत नाही. दोघं एका वेळी एका जागी लागतात. तू कधी यीस्ट सकाळी एकटंच परातीत टाकून पीठ दुपारी टाकलंस का?

वहिनींबरोबर डॉक्टरांकडे जा. आणि माझ्यावर राग असेल तर तो मला लिही, त्यांच्यावर काढू नकोस.

टिटवी

२९ मार्च

टिटवे,

घरात चहाड्या होतात आणि त्या डाकेने जातात, हे कळलं. पाकिटाचे पैसेही माझ्याच गल्ल्यातले.

गेलो. डॉक्टर तरुण आहेत, पण शांत. म्हणाले, "कॅप्सूल कधी घेत होता?"

मी म्हटलं, "पहाटे चहाबरोबर. दिवसभराच्या तिन्ही एकदम. भट्टीवरची सवय, काम सुरू व्हायच्या आत सगळं उरकायचं. आणि तुम्हीच म्हणालात, जेवणाआधी."

ते म्हणाले, "मी म्हणालो होतो, जेवणाबरोबर."

सूनबाईने माझ्याकडे बघितलं आणि मी छताकडे. ध चा मा झाला, दुसरं काय. डॉक्टरांनी कागद ओढला आणि ठसठशीत अक्षरांत लिहिलं: पहिल्या घासाबरोबर एक, जेवण मोठं असेल तर मध्ये आणखी एक. मग वजन केलं. काटा बघून त्यांनी मला उतरवून पुन्हा उभं केलं, तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. त्यांनी कॅप्सूलची ताकदही वाढवून दिली आणि म्हणाले, "कानही तपासून घ्या एकदा." ते मला बरोबर ऐकू आलं.

तुझ्यावर राग नाही. तू लहान होतीस तेव्हाही निम्मं सांगून पळायचीस. मी मात्र म्हातारा होऊन निम्म्यावर विश्वास ठेवला. खरं सांगू? मला ते खरं असायला हवं होतं, म्हणून मी तेवढंच वाचलं. गाठीचं नाव ऐकल्यापासून कॅप्सूलची बाटली उघडली की वाटायचं, आपण आता यावरच जगणार. ती न उघडली की वाटायचं, आपण होतो तसेच आहोत.

पाव मी पाखरांना का घातला तेही लिहितो, म्हणजे तुझ्या वहिनीला सांगशील. लोण्याचा पाव खाल्ला की पोटात मुरडा यायचा. परत पाठवला तर ती काळजी करेल, म्हणून खिशात. तिला वाटलं मला तिचा पाव आवडत नाही, हे तुझ्या पत्रातून नाही कळलं, तिच्या तोंडावरून कळलं. एका घरात राहून आम्ही दोघं एकमेकांना जपत होतो, आणि त्यापायी दोघंही वाळत होतो.

मामा

२० एप्रिल

टिटवे,

जादू झाली नाही. पहिला आठवडा कधी विसरलो, कधी घास संपल्यावर आठवलं, आणि पोटाने त्याची शिक्षा दिली. मग सूनबाईने बाटलीच ताटात ठेवायला सुरुवात केली, मिठाच्या शेजारी. आता सवय लागली. तवंग गेला. काटा थोडा हलला, फार नाही, पण उजव्या बाजूला.

परवा दुपारी मी स्वतः खाली उतरलो. दुकान रिकामं होतं, ती भट्टीचे पत्रे घासत होती. मी स्टुलावर बसलो आणि म्हटलं, "एक पाव कापून दे. आणि लोणी. आखडता हात नको."

तिने हात पुसले. पाव कापला, लोणी लावलं, पाण्याचा पेला ठेवला आणि शेजारी उभी राहिली, परीक्षेला बसल्यासारखी. मी पहिला घास तोंडात घेतला, कॅप्सूल गिळली, मग दुसरा घास सावकाश चावला. वर्षानुवर्षं मी हाच पाव केला, पण भुकेल्या पोटी कधी खाल्ला नव्हता. भट्टीवाल्याला वासानेच पोट भरल्यासारखं होतं.

मी म्हटलं, "मीठ कमी आहे."

ती मटकन पिठाच्या पोत्यावर बसली आणि रडायलाच लागली. मी घाबरलो. "अगं, मीठ कमी म्हणालो, विष आहे असं नाही म्हणालो!"

"तसं नाही बाबा," ती म्हणाली, "ऑपरेशन झाल्यापासून तुम्ही माझ्या पावाला एकदाही नाव ठेवलं नाहीत. रोज म्हणायचात, छान झालाय. मला कळत होतं ना, तुम्ही खाल्लेलाच नाही ते."

मग ती हसली, मीही हसलो, आणि मी दुसरा तुकडा मागितला. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं आणि सासरा-सून डोळे पुसताना बघून परत जायला लागलं. त्याला हाका मारून बोलवावं लागलं.

आता मला तुझे ते कंगाल प्राणी बघायचे आहेत. दादा जूनमध्ये बोटीवरून घरी येतोय, तो सूनबाईच्या मदतीला असेल. मी एकटाच येईन. सोबतीला माणूस पाठवू नकोस, मी काचेचा नाही.

मामा

९ जून

वहिनी,

मामा आज सुखरूप परतीच्या गाडीत बसला. हे पत्र तो पोचल्यावर येईल, त्यामुळे त्याने तुम्हाला सगळं आपल्या पद्धतीने सांगितलेलं असेल. माझी पद्धत ऐका.

काल त्याला मत्स्यालयात नेलं. तुम्ही दिलेला पाव त्याने आमच्या जेवणाच्या खोलीत सगळ्यांना वाटला आणि पहिल्या घासाला कॅप्सूल उंच धरून जाहीर केलं, "हे माझं स्वादुपिंड!" डॉक्टरीणबाईंना ठसका लागला. मी लाजेने लाल झाले आणि मग मलाच इतकं हसू आलं की पाणी नाकातून आलं.

जेवणानंतर त्याला जेलीफिशच्या खोलीत घेऊन गेले आणि खाणं सोडायची लांब नळी हातात दिली. मला वाटलं हात थरथरेल. पण केकवर साखरेची नक्षी काढलेला हात तो! त्याने एकेकाच्या अंगाशी अलगद नळी नेली आणि हवं तेवढंच सोडलं, एक पिल्लू वाया गेलं नाही. मग चारी पाकळ्या नारिंगी होईपर्यंत तो काचेसमोर उभा राहिला. मी म्हटलं, आता काहीतरी मोठं बोलेल. तर म्हणाला, "पचतं सगळं, पण यांना चव कळते का गं?"

मी म्हटलं, "कुणाला माहीत. आपल्यासारखी जीभ तर नाही."

"बिचारे," तो म्हणाला. अगदी मनापासून कळवळून म्हणाला.

मग बाकावर बसलो. तिथे तो तुमच्याबद्दल बोलला. म्हणाला, "माझा पाव बरा व्हायचा. तिचा माझ्यापेक्षा हलका होतो. मी पिठाशी जरा भांडायचो, ती भांडत नाही. तिच्या हाती भट्टी गेली म्हणून मी दवाखान्यात निर्धास्त झोपलो. पण तिला सांगू नकोस, उगाच शेफारेल." मी मान हलवली. मान हलवणं म्हणजे वचन देणं नव्हे, म्हणून लगेच लिहिते आहे. हे पत्र त्याला दाखवायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

बोलता बोलता तो गप्प झाला. बघते तर झोपलेला. तोंड उघडं, शर्टावर पावाचा चुरा, हात पोटावर, आणि पोट संथ वरखाली होतंय. पोट भरलेलं माणूस झोपतं ना, तसा. मी त्याच्या शेजारी बसून राहिले. लोक येत होते, काचेत बघत होते, त्याच्याकडे बघून आवाज खाली करत होते.

शेवटी पहारेकरी काका किल्ल्या घेऊन आले. म्हणाले, "ताई, बंद करायची वेळ झाली."

मी म्हटलं, "काका, माझा मामा आहे. बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवलाय."

काकांनी त्याच्याकडे पाहिलं. किल्ल्या वाजू नयेत म्हणून मुठीत धरल्या, पुढे गेले, आणि सगळ्या इमारतीतले दिवे एकेक करून मालवत आले. आमच्या खोलीपाशी पोचले, तेव्हा तेवढा एक राहू दिला.

तुमची,
टिटवी